दादाचं अल्कलाईन पाण्याचं मशीन, पाच महिने वापरून

आधी निकाल सांगते. पाणी प्यायला चांगलं लागतं, क्लोरीनचा वास जातो, मशीन दिसायलाही देखणं आहे. पाचपैकी दोन तारे: एक यासाठी, दुसरा कशाचा ते पुढे सांगते. दादाने ज्या कारणासाठी ते घेतलं, त्या कारणासाठी शून्य. किंमत 1 लाख 65 हजार, हप्त्यांवर. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशी मशीनं विकणारे बरेच आहेत आणि सगळ्यांची माहितीपत्रकं मावसबहिणींसारखी एकाच चेहऱ्याची असतात.

मी इंदूरला रामबागेत राहते, दादा-वहिनी लोकमान्य नगरात. 27 वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्ट्या रंगवण्यात गेली, आता निवृत्त आहे. जानेवारीत वहिनीला स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. पंधरा दिवस होतात न होतात तोच दादाच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी एक गृहस्थ भलीमोठी बॅग घेऊन घरी हजर. पोहे झाले, चहा झाला आणि खेळ सुरू झाला.

पहिला खेळ तपकिरी पाण्याचा. एका ग्लासात आमच्या नळाचं नर्मदेचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं. दोन्हीत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली. दोन मिनिटांत आमचं पाणी गटारासारखं झालं, वर हिरवट-तपकिरी फेस. त्यांचं स्वच्छ. "आंटीजी, ये जहर पी रहे हैं आप लोग." वहिनीचा चेहरा पांढरा पडला. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर नळाने येणारं, एक दिवसाआड मिळणारं ते पाणी आम्ही इंदूरकर किती जपून भरतो, आणि ते विष?

तपकिरी रंगाशी माझी जुनी ओळख आहे, म्हणून मी कांडी हातात घेऊन बघितली. लोखंडाची होती. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळून गंजतं, आणि तो गंज म्हणजे ते 'जहर'. त्यांच्या बाटलीत आरओचं पाणी होतं, क्षार जवळजवळ नाहीत, म्हणून वीजच वाहिली नाही. मी त्यांच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, आता लावा. तेही गटार झालं. गृहस्थ म्हणाले, "आपका नमक अशुद्ध है." दादा हसला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसरा खेळ रंगीत थेंबांचा. कोल्ड्रिंकमध्ये थेंब टाकला की पिवळं, नळाच्या पाण्यात हिरवं, मशीनच्या पाण्यात जांभळं. म्हणजे अल्कधर्मी, पीएच 9.5. (पीएच म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा, 7 च्या खाली आम्ल, वर अल्क.) कॅन्सर म्हणे आम्लात वाढतो आणि अल्कात मरतो. गंमत बघा, पहिल्या खेळात क्षार हे विष होतं. पण हे मशीन पाण्यातून वीज सोडून चालतं, म्हणजे त्याला क्षार लागतातच. एका बाजूच्या पट्टीशी हायड्रोजन वायू सुटतो आणि पाणी अल्कधर्मी होतं, दुसऱ्या बाजूला आम्लधर्मी पाणी तयार होऊन वेगळ्या नळीने मोरीत जातं. मी हे विचारलं तर उत्तर आलं, "केमिस्ट्री आपके बस की नहीं आंटीजी, रहने दीजिए." जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी जन्मल्या याच इंदुरात, 1911 साली. वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर काम करून 1939 साली केंब्रिजची पीएचडी घेतली त्यांनी. पण हे त्या गृहस्थांना सांगून काय उपयोग? वहिनी आतून म्हणाली, "वन्सं, राहू द्या, पाहुणे आहेत."

मशीन आलं.

मी घरी हळदीचा कागद केला. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं, तीच ही परीक्षा. 9.5 वर लावलेलं पाणी कागदावर टाकलं तर हलकी नारिंगी झाक आली. नळाच्या पाण्यात पानाचा चुना बोटाच्या टोकावर घेऊन कालवला आणि टाकला तर लालभडक. चुना दोन रुपयांचा. (दादाला तो कितीला लागला ते वर सांगितलंच आहे.) शिवाय मशीनच्या पडद्यावर झळकणारा 9.5 हा आकडा मोजलेला नाही, आपण बटण दाबून निवडलेला आहे. पंख्याच्या रेग्युलेटरवरच्या आकड्यासारखा.

आता हिशेब. पीएचमध्ये एक आकडा सरकला की फरक दहा पटींचा. 9.5 पीएचच्या एक लिटर पाण्यात मशीनने जे अल्क वाढवलं, ते जठरातल्या पीएच 2 च्या रसाचे साधारण 3 मिलिलिटर उडवू शकतं. तीन मिलिलिटर, म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त चहाचा चमचा. आणि एवढं अल्क वाढवायला चिमूटभर खायचा सोडा घेतला, तर तो शंभर लिटरहून जास्त मशीनच्या पाण्याचं काम करतो. जठर तर दिवसभर आम्ल गाळत असतं. घोट खाली उतरला की खेळ खलास.

समजा खेळ तिथे संपला नाही, ते अल्क रक्तापर्यंत गेलं. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 च्या मध्ये असतो. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडं आम्ल-बायकार्बोनेट कमीजास्त करून तो तिथेच धरून ठेवतात. या पट्ट्याबाहेर रक्त बरंच सरकलं तर माणूस आयसीयूत असतो, फिरायच्या ग्रुपमध्ये नाही. काही औषधांसाठी, उदाहरणार्थ कॅन्सरवरचं मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत देताना, डॉक्टर लघवी मुद्दाम अल्कधर्मी करतात. पण ते सोडा-बायकार्ब सलाईनमधून देतात, आणि उद्देश औषध मूत्रपिंडात साचू नये हा असतो, कॅन्सरची गाठ नष्ट करणं हा नाही.

माहितीपत्रकात पुढे 'षटकोनी पाणी' आहे. म्हणे पाण्याचे मोठे घोळके मशीन फोडतं, सहासहाचे छोटे गट करतं आणि ते पेशींत सरसर शिरतात. पाण्याच्या एका रेणूच्या आत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा बंध पक्का असतो. पण एका रेणूचा दुसऱ्याशी जो हायड्रोजन बंध असतो तो त्याच्या वीसपटीने कच्चा. द्रव पाण्यात तो सेकंदाच्या लक्षकोट्यंश भागाच्या आसपास टिकतो, तुटतो, शेजारच्याशी जुळतो. रात्री अकरा वाजता सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहा. जोशींच्या दहीवड्यापासून भुट्ट्याच्या किसापर्यंत जो रेटा असतो त्यात कोणाचा खांदा कोणाला लागलाय हे क्षणाक्षणाला बदलतं. त्यातले सहा जण हात धरून कडं करून आहेत, आणि बाटलीत भरून लोकमान्य नगरापर्यंत तसेच राहतात, असं कोणी सांगितलं तर? षटकोनी मांडणी टिकते ती बर्फात. तिथे रेणू एकमेकांपासून अंतर राखून बसतात, म्हणून तर बर्फ तरंगतो. षटकोन हवेत असतील तर बर्फाचा गोळा खा, वीस रुपये.

शेवटचा हुकमी एक्का वारबुर्ग. 'नोबेल विजेत्या वारबुर्गने 1931 साली सिद्ध केलं' असं ठळक अक्षरांत छापलंय. ओटो वारबुर्गला 1931 चं नोबेल मिळालं हे खरं, पण ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमसाठी. गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज धडाधड घेऊन त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, हे त्याने आधीच दाखवलं होतं. म्हणजे गाठीभोवतीचं आम्ल गाठच तयार करते. धूर आहे तो, आग नाही. वहिनीच्या पेट स्कॅनमध्ये याचाच उपयोग केला. (शेजारच्या काकू अजून समजतात की पोटाचा स्कॅन होता.) किरणोत्सारी फ्लोरिन लावलेली साखर टोचली, आणि जिथे साखर हावरटासारखी ओढली गेली तिथे पडद्यावर उजेड.

आणि आता ज्याने वहिनीचं खरंच काही होईल त्याबद्दल. तिच्या रिपोर्टवर होतं 'हर टू, तीन प्लस'. ही तपासणी मी हजारदा केली आहे. हर टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन, वाढीचा निरोप आत पोचवणारं. निरोगी पेशीवर थोडं असतं. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये त्याच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, म्हणून प्रथिनही बेसुमार. आम्ही काचपट्टीवर असं रसायन घालतो की जिथे हे प्रथिन तिथेच तपकिरी रंग उमटतो. तीन प्लस असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली गाठीतल्या पेशींना जाड तपकिरी किनार दिसते, कोंबड्यांच्या जाळीसारखी. तिची पट्टी मी माझ्या जुन्या लॅबमध्ये जाऊन स्वतः बघितली. तो तपकिरी रंग आणि लोखंडाच्या कांडीचा तपकिरी रंग, दोन्ही एकाच महिन्यात.

त्यावर औषध ट्रास्टुझुमॅब. अमेरिकेत त्याला 1998 साली मान्यता मिळाली. हे औषध स्वतःच एक प्रथिन आहे, अँटिबॉडी, पाण्याच्या रेणूच्या सुमारे 8 हजार पट जड. ते हर टूच्या एका ठरावीक खाचेवर जाऊन बसतं. बसतं कशाने? त्याच कच्च्या हायड्रोजन बंधांनी आणि तसल्याच आणखी किरकोळ ओढींनी. एकेक धागा सहज तुटेल असा, पण आकार जुळला की असे कितीतरी एकदम लागतात आणि पकड सुटत नाही. आकार बिघडला तर सगळं फुकट. अंडं उकडल्यावर बलक आणि पांढरं जसं पूर्ववत होत नाही, तसंच. म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवतात. म्हणूनच गोळी नसते, सलाईनमधून देतात. पोटात गेलं तर पेप्सिन त्याचे वरणातल्या प्रथिनासारखे तुकडे करेल. दादाला हे मी कागदावर चित्र काढून समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग याच्यासोबत मशीनचं पाणी चालेल ना?"

वापराबद्दल थोडं. तूरडाळ दोन कुकरमध्ये लावली, एकात नळाचं पाणी, एकात मशीनचं. फरक कळला नाही. चहा गडद होतो आणि वर साय धरल्यासारखा तवंग येतो. पाणी उकळलं की पातेल्याला आतून पांढरा थर बसतो, तो घासायला लिंबू लागतं, म्हणजे पुन्हा आम्लच. मोरीत जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला घेतो, बरंच जातं ते. सर्व्हिसवाला दोनदा बोलावला, एकदा आला.

एक मात्र मानायला हवं. किमोच्या सुरुवातीच्या चार सायकलमध्ये वहिनीला ते लाल औषध आणि त्यासोबत सायक्लोफॉस्फमाइड होतं. त्यातून तयार होणारं एक द्रव्य मूत्राशयाला झोंबतं, म्हणून डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. तोंडाला धातूची चव आलेली, पाणी घशाखाली उतरेना. 'एवढं महागाचं आहे' म्हणून ती प्यायली. दुसरा तारा त्याचा.

तिसऱ्या सायकलनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या आणि डॉक्टरांनी उकळून गार केलेलंच पाणी द्या असं बजावलं. मशीनचा कोळशाचा फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, आणि क्लोरीन गेलेलं पाणी भांड्यात भरून ठेवलं तर जंतूंना मोकळं रान. ज्यांच्या घरी किमो चालू आहे त्यांनी माझं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

त्या रात्री दादा ओट्याशी उभा होता. मशीनकडे बघत म्हणाला, "अगं, मग मी करायला काय हवं होतं? नुसतं बसायचं?" मला उत्तर सुचलं नाही.

अजून 13 हप्ते आहेत. मशीन परत घेत नाहीत. दादा स्वतःची बाटली त्यातूनच भरतो. वहिनीचं पाणी मात्र नर्मदेचं, पंचा चौपदरी करून गाळलेलं, उकळलेलं, स्टीलच्या कळशीत. ते उकळायचं काम दादाने स्वतःकडे घेतलंय, मला हात लावू देत नाही. फ्रिजवर दिनदर्शिकेच्या चौकटीत ती किती ग्लास प्यायली याच्या रेघा ओढतो. काल नऊ होत्या.