कोविडनंतर वास गेलाय? 'रोबोटिक ऑपरेशन'ला एक रुपयाही भरू नका

एकूण २,०५,००० रुपये गेले. नोंदणीचे १,५००, सीटी स्कॅन आणि 'नर्व्ह मॅपिंग'चे १८,५००, ऑपरेशनच्या पॅकेजचे १,८५,०००.

माझी नाशिकला खानावळ आहे. २०२१च्या दुसऱ्या लाटेत माझा वास गेला आणि परत आला तो बिघडून. कांदा-लसणाची फोडणी घातली की सडल्यासारखी घाण यायची. भाजी करपली का, गॅस गळतोय का, हे मुलाला विचारावं लागायचं. "शिकलेली बाई अशी कशी फसली?" म्हणणाऱ्यांनी आधी असं जगून बघावं. माझं पोटच नाकावर चालतं.

रोबोटिक ऑपरेशननं वास परत आणतो म्हणणाऱ्या एका सेंटरमध्ये मी गेले. तिथे डॉक्टरांपेक्षा काउन्सेलर बाईच जास्त बोलायच्या. व्हायरसनं नस दबलीय, रोबोट ती मोकळी करतो, आज पैसे भरलेत तर तीस हजार सूट. भिंतीवर रोबोटचा मोठा फोटो.

मला तिथेच कळायला हवं होतं, आणि हेच आठवून अजून अंगाची आग होते: वासाचा इलाज करणाऱ्या त्या जागेत कुणीही माझ्या नाकासमोर साधी लवंगसुद्धा धरली नाही. किती वास येतो, कोणता येत नाही, काहीच तपासलं नाही. स्कॅनचा रिपोर्ट माझ्या हातात होता. सायनस मोकळे, पॉलिप (नाकात वाढणारा मऊ गोळा) नाही. "मग कापणार काय?" असं मी विचारलंही होतं. "स्कॅनमध्ये नस दिसत नाही, ताई." यावर सामान्य माणूस काय बोलणार?

डिस्चार्ज कार्डवर फक्त 'नेझल एंडोस्कोपी' लिहिलंय. म्हणजे दुर्बिणीनं नाक बघितलं, बस. रोबोटचा उल्लेखही नाही. संमतीपत्रावर ऑपरेशनचं नाव कोरं असेल तर सही करू नका. माझं कोरं होतं.

नंतर सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी नीट समजावलं. रोबोट प्रोस्टेट, गर्भाशय, किडनीच्या ऑपरेशनला वापरतात, घशात जिभेच्या मुळाशी आणि टॉन्सिललाही. पण वासाचं अस्तर नाकाच्या छताशी, अगदी चिंचोळ्या फटीत असतं. कोविडचा विषाणू तिथल्या आधार देणाऱ्या पेशींना इजा करतो. दबलेली नस नसतेच, मग मोकळी काय करणार? पॉलिप असेल तर ऑपरेशननं वास परत येऊ शकतो, पण तो आजार वेगळा. माझ्यासारख्यांसाठी वासाचा सराव असतो: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग दिवसातून दोनदा हुंगायचं, कित्येक महिने. जर्मनीतले वासाचे संशोधक हुमेल यांनी २००९मध्येच तो अभ्यासून मांडलाय. खात्री त्यातही नाही, पण खर्च एका बाटलीचा.

पोलीस म्हणाले, डॉक्टरी प्रकरण आहे, मेडिकल कौन्सिलकडे जा. अहो, मी निष्काळजीपणाची तक्रार करतच नाहीये! न केलेल्या ऑपरेशनचे पैसे घेतले, ही सरळ फसवणूक आहे. कौन्सिलला डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. तो बिलावर नाही, आणि सेंटर देत नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागानं अर्जावर शिक्का मारला आणि अर्ज ठेवून घेतला. चौकशीला गेलं की साहेब मीटिंगमध्ये. जाहिरात मात्र अजून चौकात झळकतेय, ती कुणालाच दिसत नाही. पैसे देताना सगळे "ताई, ताई" करतात, मागताना प्रत्येक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं.

बिल डॉक्टरच्या नावानं, नोंदणी क्रमांकासह मागा. केसपेपर लेखी अर्ज करून मागा, ७२ तासांत द्यायचा नियम आहे. 'आजच सूट' ऐकलं की उठून या.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात गेले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, पण मुदत दोनच वर्षांची. तुम्हीही असे पैसे भरले असतील तर पावत्या जपा आणि मुदतीच्या आत तक्रार टाका.