अ‍ॅथलेटिक्स फॉलो करायचं तर टीव्ही, अ‍ॅप की नुसतं रिझल्टचं पान?

2026 ला ग्लासगोचं कॉमनवेल्थ, मग सप्टेंबरमध्ये आइची-नागोयाचं एशियाड आणि 2027 ला बीजिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप. आमच्या ग्रुपवर दरवेळी कोणीतरी विचारतंच की बघायचं कशावर, सबस्क्रिप्शन घ्यावं का, घरच्या टीव्हीवर भागेल का, आणि तू ते आकड्यांचं पान उघडून काय बसतोस. एचडी, किंमत, किती डिव्हाइस वगैरे तुम्हाला माहीत आहे, त्यात पडत नाही. मी तिन्ही प्रकारे बघून झालोय, तर जे वाटलं ते सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं.

आधी टीव्हीबद्दल, कारण त्याला शिव्या घालणार आहे पण अन्याय नको. ट्रॅकवरचं काहीही असेल तर टीव्हीला तोड नाही, विषय संपला. टोकियो 2025 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची पुरुषांची मॅरेथॉन घ्या. आपल्याकडे पहाटे चारला सुरू झाली, शेवटी टांझानियाचा सिंबू आणि जर्मनीचा पेट्रोस स्टेडियममध्ये जवळजवळ एकत्र आले आणि पेट्रोस रेषेवर कोसळला, सिंबू 0.03 सेकंदांनी जिंकला. मॅरेथॉनमध्ये! रिझल्टच्या पानावर दोघांच्याही नावापुढे 2:09:48 एवढंच दिसतं, त्यावरून काय डोंबल कळणार. किंवा पॅरिस ऑलिंपिकची स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची फायनल, आपला बीडचा अविनाश साबळे सुरुवातीला पुढे होता, शेवटी अकरावा आला 8:14.18 मध्ये, आणि शेवटच्या लॅपला इथिओपियाचा गिर्मा अडथळ्यावर असा काही आदळला की आपला माणूस कितवा आहे हे क्षणभर विसरायलाच झालं. पानावर गिर्मापुढे फक्त 'शर्यत पूर्ण नाही' अशा अर्थाची तीन अक्षरं. बुडापेस्टच्या 2023 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची 4x400 रिलेची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, पण तशीच. अनस, अमोज, अजमल, राजेश रमेश, 2:59.05, तेव्हाचं आशियाई रेकॉर्ड, आणि शेवटच्या लॅपला आपला माणूस अमेरिकेच्या पाठीला लागलेला. ते टीव्हीवर नाही बघितलं तर बघितलं असं म्हणूच नका.

पोल व्हॉल्टवाल्या डुप्लांटिसचंही तेच. टोकियोत गोल्ड खिशात पडल्यावर गड्याने बार 6.30 मीटरला लावला, तिसऱ्या प्रयत्नात पार केला, बार हलत राहिला पण पडला नाही. हे आकड्यात मावत नाही. मान्य.

आता अ‍ॅप. थोडक्यात सांगतो, कारण माझं त्याच्याशी जमलं नाही. बाहेर असाल, लोकलमध्ये असाल तर सोय आहे, आणि मागे जाऊन परत बघता येतं हे खरंच छान आहे. पण लाइव्ह म्हणतात ते लाइव्ह नसतं, मागे असतं, किती मागे ते नेटवर ठरतं. आपण श्वास रोखून बघतोय की नीरज रनअपला उभा राहिलाय आणि तेवढ्यात वरून ग्रुपचा मेसेज सरकत येतो 'फाउल रे'. आता हा मेसेज टाकणाऱ्याला काय बोलणार, त्याच्याकडे केबल आहे. नोटिफिकेशन बंद ठेवून बघा असं लोक सांगतात, पण मग ग्रुपवर बोंबलायची मजा जाते आणि एकट्याने बघायचं असेल तर मी हायलाइट्सच बघेन ना.

तर राहिलं रिझल्टचं पान. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या साइटवर प्रत्येक इव्हेंटचं उघडतं ते. नाव, देश, आकडे, एवढंच. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते रेल्वेच्या चार्टसारखं वाटतं. पण माझा कल तिकडे का झुकला त्याचं कारण एकच आहे, ते जरा सविस्तर सांगतो.

16 सप्टेंबर 2025, मंगळवार, टोकियोत उंच उडीची फायनल. आपला नाशिकचा सर्वेश कुशारे फायनलमध्ये. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या उंच उडीच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय, आणि तोही मराठी पोरगा, म्हणजे घरात वातावरण काय असेल बघा. आपल्याकडे संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरू झाली. मी घरूनच काम करत होतो, त्यामुळे टीव्ही लावलेला. आता उंच उडी म्हणजे दीड-दोन तासांचा खेळ, प्रत्येकजण मधेमधे एकदा उडी मारणार आणि परत ट्रॅकसूट घालून बसणार. आणि टीव्हीवाल्यांचं गणित असं की तेवढ्या वेळात ट्रॅकवर काहीतरी चालू असतं, कॅमेरा तिकडे. सर्वेश 2.28 ला दोनदा चुकला. तिसरा प्रयत्न, चुकला तर बाहेर. आणि आमच्या चॅनेलवर जाहिराती. जाहिराती संपल्या तर कसलीतरी शर्यत लागलेली, कॉमेंट्री करणारा लेन नंबर चार बद्दल बोलतोय, कोपऱ्यात चौकोनसुद्धा नाही. मी टीव्हीसमोर उभा, बायको विचारतेय काय झालं, आणि मला माहीतच नाही काय झालं! लाइव्ह बघत असून माहीत नाही. बरं, वर्ल्ड फीड, म्हणजे सगळ्या देशांना जाणारं एकच चित्रण, जे येतं ते आपल्याकडच्या चॅनेलच्या हातात नसतं म्हणतात, त्यामुळे त्यांना दोष देण्यात किती अर्थ आहे ठाऊक नाही. पण ती जाहिरात तर आपल्याकडचीच होती ना.

मग फोनवर पान उघडलं. सर्वेशच्या ओळीत 2.28 च्या खाली फुली, फुली, गोळा, म्हणजे दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा पार. झालं, घरात आरडाओरडा, चहा सांडला. टीव्हीने ती उडी नंतर दाखवली, 'थोड्या वेळापूर्वी' म्हणून, तोवर आमचं नाचून झालं होतं. 2.28 ही त्याची आयुष्यातली सगळ्यात मोठी उडी, पुढे 2.31 नाही जमलं, सहावा आला. न्यूझीलंडचा हॅमिश कर 2.36 ने जिंकला. त्या दिवसापासून फील्ड इव्हेंट असला की माझ्या डोळ्यासमोर आधी पान, टीव्ही मागे चालू, आवाज बंद.

तुम्ही म्हणाल भालाफेक तर दाखवतातच, नीरज आहे म्हटल्यावर. दाखवतात, नीरजच्या फेकी दाखवतात. पण 18 तारखेच्या फायनलला खरी गोष्ट नीरजची नव्हती. आपल्या सचिन यादवने पहिल्याच फेकीत 86.27 मारला, ब्राँझ गेलं अमेरिकेच्या थॉम्पसनला 86.67 वर. चाळीस सेंटीमीटर! पान समोर असेल तर प्रत्येक राउंडला दिसतं की तिसरा कुठे आहे आणि आपला कुठे, पुढे कोणाचा नंबर, कोण अजून मागून येऊ शकतो. जर्मनीचा वेबर 86.11 ला आला तेव्हा माझा जीव टांगणीला होता. टीव्हीवर हे कळतं पण सलग नाही, तक्ता येतो आणि वाचेपर्यंत जातो.

आणि दुसरं म्हणजे नियम. टोकियोत तीन फेकींनंतर बारातले दहा ठेवले, चौथीनंतर आठ, पाचवीनंतर सहा. पूर्वी आठ जणांना सहाही फेकी मिळायच्या ती सवय डोक्यात. नीरज 84.03 वर अडकलेला, पाचवी फाउल, आठवा. ऑफिसात आम्ही काहीजण एका स्क्रीनभोवती, आणि शेजारचा अजून म्हणतोय थांबा, सहावीत मारेल बघा. सहावी नव्हतीच. पाकिस्तानचा अर्शद नदीम तर त्याच्याआधीच चौथीनंतर गेला होता, दहावा. पानावर कोणाची ओळ कुठे संपली ते सरळ दिसत होतं.

हो, पानाचे तोटे आहेत आणि ते लहान नाहीत. एक तर आकडा कधीकधी चित्राच्या आधी येतो, म्हणजे भाला टीव्हीवर अजून हवेत आणि तुमच्या हातात उत्तर. ज्यांना थरार हवा त्यांनी या वाटेला जाऊ नये, माझा भाऊ याच कारणासाठी माझ्याशेजारी बसत नाही. दुसरं, ऐन वेळी पान अडकतं, गोल गोल फिरत राहतं, तेव्हा चिडचिड होते. तिसरं, घरच्यांना सोबत घेता येत नाही, आईला मी फुली-गोळे दाखवले तर ती म्हणाली माणूस कुठंय यात. बरोबरच आहे तिचं.

पण एक बघा, वेळेचा मुद्दा पण आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथलं संध्याकाळचं सेशन आपल्या ऑफिसच्या वेळात, नागोयालाही तेच होणार. ऑफिसात टॅबमध्ये पान उघडं ठेवलं तर कोणी काही बोलत नाही, एक्सेलच वाटतं लांबून. स्ट्रीम लावलं तर बॉस पण येऊन उभा राहतो, आणि मग रिमोट त्याच्याकडे. ग्लासगो उलट आहे, तिथलं संध्याकाळचं आपल्याकडे रात्री साडेअकराच्या आसपास, तेव्हा खुशाल टीव्ही लावा, आवाज कमी ठेवून. बुडापेस्टला नीरजचं 88.17 वालं गोल्ड असंच मध्यरात्री बघितलं होतं, पोरं झोपलेली, ओरडता येईना. बीजिंग अडीच तास पुढे, म्हणजे मधलंच काहीतरी, संध्याकाळी घरी पोचायच्या आत निम्मं सेशन झालेलं असेल.

क्वालिफिकेशन राउंडसाठी तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. टोकियोत भाल्याला 84.50 ची रेषा होती, तेवढा मारला की थेट फायनल, नीरजने पहिल्याच फेकीत 84.85 मारला आणि सामान उचलून गेला. तेवढ्यासाठी दोन तास टीव्ही? सचिन मात्र 83.67 वर दहावा, फायनलच्या बारात राहतो की नाही हे दुसरा ग्रुप संपेपर्यंत लटकलेलं, ते पानावर बघण्यात जी मजा आली ती मला कुठल्या कॉमेंट्रीत नाही आली. पण हे माझं झालं.

तर माझ्यापुरतं असं आहे, धावणारे असतील तर टीव्ही, उड्या आणि फेकी असतील तर पान, आणि आपला माणूस फायनलला असेल तर कितीही थरार गेला तरी पानच, कारण न कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं वाटतं मला. नुसत्या अ‍ॅपसाठी पैसे भरायचे का, तर घरी केबल असेल तर मी नाही भरणार, हॉस्टेलला वगैरे असाल तर भरा, तुमच्याकडे दुसरा इलाज नाही. आणि पान वापरणार असाल तर स्टार्ट लिस्ट आदल्या रात्रीच उघडून ठेवा, त्यात प्रत्येकाचा सीझनचा बेस्ट आणि फेकायचा क्रम असतो, ऐन वेळी शोधायला गेलात तर पहिला राउंड हातचा जातो.