गावच्या पोसऱ्याला चार तारे, पाचवा दुपारच्या झोपेत गेला

आधीच सांगून टाकतो, हा अभिप्राय निष्पक्ष नाही. ज्या दुकानाबद्दल लिहितोय त्याच्या उधारीच्या वहीत माझं नाव सात वर्षं होतं. आकडा 23,460 रुपये. तेव्हा चार तारे दिले म्हणून कुणी भुवया उंचावू नयेत, आणि एक तारा कापला म्हणून पोसरकारानेही रागावू नये.

दुकान डिचोली तालुक्यात आहे, साखळीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. मालकाने नाव छापू नको म्हणून बजावलंय. "नाव वाचून आणखी उधारीवाले येतील," हे कारण. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी, पोसरो म्हणजे किराणा दुकान. उकडे तांदूळ, नारळ, माडाचा गूळ, सोलां म्हणजे आमसुलं, काड्यापेटी आणि गावात काल रात्री कोण कुणाशी भांडलं याची बातमी, सगळं एकाच फळीवर मिळतं.

2009 साली मी कर्ज काढून टिप्पर घेतला. खाणीवरून सारमानसच्या नदीधक्क्यावर लोहखनिज टाकायचं, दिवसाला जमतील तेवढ्या ट्रिपा मारायच्या. हातात पैसा खुळखुळत होता. तेव्हा पोसऱ्यात मी काय घ्यायचो? विडी, ब्लेड, अर्धा किलो साखर. मोठी खरेदी महिन्यातून एकदा गाडी काढून शहरातल्या मार्टमध्ये, ट्रॉली ढकलत, रोखीने. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रॉली ढकलणारे आम्ही सगळे एका आठवड्यात पोसरकाराच्या दारात उभे राहिलो. तो प्रत्येकाला एकच म्हणायचा, "मागीर दी रे." नंतर दे.

मध्ये खाणी पुन्हा सुरू झाल्या, थोडे पैसे आले, आणि मी काय केलं? परत मार्टात गेलो. रोख मार्टाला, उधारी पोसऱ्याला. 7 फेब्रुवारी 2018ला सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्याला ट्रक पुन्हा थांबले, आणि आमची वरात परत त्याच फळीपुढे. त्या वर्षी खाणींच्या भागातली किती गॅरेजं आणि चहाची दुकानं मिटली हे डिचोलीकरांना वेगळं सांगायला नको. दोष खाणबंदीला देणं सोपं आहे. पण या दुकानापुरतं बोलायचं तर ते बुडवण्यात अर्धा हात माझ्यासारख्यांचा होता.

टिप्पर विकला, बँकेचं फेडलं, उरलेल्यातून 2019मध्ये पोसरकाराचे दिले. मी आता शाळेची बालरथ बस चालवतो. वहीवर काट मारताना त्याने वर पाहिलंदेखील नाही. बाजूच्या बरणीतून एक खोबऱ्याची वडी काढून हातावर ठेवली, बस.

आता मूळ विषय. हे दुकान आज जे काही आहे ते त्याच्या सुनेमुळे. वैनी फोंड्याकडची, कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, असलेल्या घरातली. टाळेबंदीत सगळा गाव दुकानात आला. मार्टं उघडल्यावर हे लोक पुन्हा पांगणार हे तिने आधीच ओळखलं. तिने शाळेची एक दोनशे पानी वही घेतली, पानाच्या मधोमध रेघ मारली आणि वाड्यावरची 64 घरं फिरली. डावीकडे लिहिलं आमच्याकडून काय घेता, उजवीकडे बाहेरून काय आणता आणि का. आमच्या घरीही आली होती. मी म्हटलं, स्वस्त पडतं म्हणून जातो. ती म्हणाली, "दादा, किती स्वस्त ते सांगा." मला सांगता येईना. बायकोने बिलं शोधून काढली. तेलात आणि साबणात फरक होता, बाकी सारखंच. पेट्रोल धरलं तर उलटच.

मला वाटायचं सगळे भावाचंच बोलले असतील. वैनीच्या वहीत निघालं भलतंच. बायकांनी सांगितलं, सॅनिटरी पॅड तुझ्या सासऱ्यासमोर कसे मागायचे? पोरीबाळी त्या एका वस्तूसाठी डिचोलीला जात होत्या आणि गेल्यावर बाकीचंही तिथूनच आणत होत्या. दुसरं, मसाला. वाटण घालायला वेळ नाही, आणि पाकिटातला मसाला शाकुतीला, म्हणजे आमच्या नारळाच्या मसालेदार रश्शाला, चालत नाही अशी तक्रार. तिसरं, बिल मिळत नाही.

पहिल्यावर उपाय एका कपाटाचा. दुकानाच्या डाव्या अंगाला छोटं दार, तिथे संध्याकाळी चार ते सात वैनी बसते, सासरे उजवीकडे. मसाल्याला मात्र वेळ लागला. गिरण घालायची तर पैसे हवेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना 2020मध्ये आली, तिच्यात कर्जाला जोडून 35 टक्के अनुदान होतं, कमाल मर्यादा 10 लाख. तिने अर्ज केला, कर्ज मंजूर झालं, गिरण येऊन पोत्यात गुंडाळून पडली, आणि थ्री फेज जोडणीचा कागद एका कार्यालयात पाच महिने झोपला. (गावात नवा कारखाना आणा म्हणून दर ग्रामसभेत हात वर होतात, त्यात माझाही. असलेल्या गिरणीला वीज कधी मिळणार, हे मी एकदाही विचारलं नाही.)

त्या गिरणीचा मसाला हे या दुकानात जाण्याचं पहिलं कारण. शाकुतीचा मसाला दर बुधवारी भाजतात. धणे, मिरी, बडीशेप, चक्रीफूल, सगळं वेगवेगळं, आणि खसखस शेवटी मंद आचेवर, कारण ती चटकन करपते. वास रस्त्यापर्यंत येतो. शाळा सुटल्यावर मी बस वळवतो तेव्हा मागची पोरं ओरडतात, "अंकल, शाकुती!" मिरची दोन प्रकारची ठेवते, एक रोजची आणि दुसरी काणकोणची खोला मिरची, जिला 2020मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खोलाची महाग, पण हुमणाला, माशांच्या आमटीला, जो रंग येतो त्यावर माझी बायको तडजोड करत नाही. चवथीआधी खतखत्यासाठी, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रश्शासाठी, तेफळं सुटी मिळतात. वासावरूनच ताजी कळतात, काळी पडलेली वैनी स्वतः बाजूला काढते.

दुसरं कारण पुरुमेंत. पावसाळ्याची बेगमी, शब्द पोर्तुगिजांचा, पोट आपलं. मे महिन्यात पूर्वी आम्ही त्यासाठी शुक्रवारी म्हापशाला जायचो. हौस म्हणून अजूनही जावं, तो बाजार बघण्यासारखाच आहे. पण सोलां, आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट रस, जाडं मीठ, मिस्कूट म्हणजे कैरीचं लोणचं, फणसाचे पापड आता इथेच मिळतात, कारण गावातल्याच बायका ते करून आणतात. आणि वैनी त्यांना माल हातात पडताच पैसे देते. "विकलं तर देईन" हा शब्द या दुकानात नाही. यातली एक बाई आमची शेजारीण. आधी ती शहरातल्या एका मोठ्या दुकानाला आगळ द्यायची, पैसे दोन-दोन महिन्यांनी, तेही फुटलेल्या बाटल्या वजा करून. आता तिने कोकमाची चार झाडं आणखी लावलीत.

तेलाच्या भावात मार्टाशी झुंजणं वैनीने सोडून दिलंय. एकच कंपनीचं तेल ठेवते, पाच-सात रुपये जास्त, आणि तसं सांगते. उधारी बंद नाही, पण मर्यादा 2,000 आणि दहा तारखेच्या आत चुकती. आजारपणासाठी आणि मयतासाठी म्हाताऱ्याची दुसरी वही गल्ल्याखाली आहे, सुनेला ठाऊक नाही असं त्याला वाटतं.

आता उणं. दुपारी एक ते चार कुलूप. मी सकाळची फेरी आणि जेवण उरकून दोनला मोकळा होतो, नेमका तेव्हा पोसरकार घोरतो. गोव्यात राहून वामकुक्षीविरुद्ध बोलू नये हे मान्य, पण छोट्या दारापाशी निदान तासभर कुणीतरी बसावं. बिल आता मिळतं, पण वैनी असेल तरच. म्हातारा अजून सिगारेटच्या पाकिटामागे बेरीज करतो. वजनकाट्याचा आकडा बरण्यांच्या आड आहे, गिऱ्हाइकाला दिसत नाही. चोरी नाही, आळस आहे, पण फिरवून ठेवायला किती वेळ लागतो? जुलैत घेतलेल्या रव्यात एकदा किडे निघाले, बदलून दिला, उपकार केल्यासारखं तोंड करून. पापडांना श्रावणात कुबट वास येतो. बुधवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा नसते, चालत जा.

डिसेंबर 2022मध्ये खाणपट्ट्यांचा लिलाव झाला तेव्हापासून गावात पुन्हा ट्रकांच्या गोष्टी सुरू आहेत. माझ्या पुतण्याला टिप्पर घ्यायचाय. मी त्याला काही बोललो नाही, फक्त बुधवारी मसाला आणायला पाठवलं.

वैनीची ती वही अजून चालू आहे. परवा मी मार्टाची पिशवी घेऊन दुकानासमोरून मान खाली घालून निघालो होतो. तिने हाक मारली. "दादा, आमच्याकडे काय नव्हतं?"

मांजराचं खाणं, मी म्हटलं. तिने लिहून घेतलं. सोमवारी फळीवर चार पाकिटं लागली होती. एक घेऊन आलो. आमची मांजर त्याला तोंड लावत नाही.

तीन पाकिटं अजून तिथेच आहेत. कुणाची मांजर खात असेल तर सकाळी आठ ते एक, दुपारी चारनंतर साडेआठपर्यंत.