झोपलेला पीसी लांबून उठवायचा तर वेक ऑन लॅन की स्मार्ट प्लग?

मशीन ऑफिसात, आपण घरी, आणि रात्री साडेनऊला पार्टीचा फोन की लेजर आत्ताच्या आत्ता पाठवा. हा ज्यांचा नेहमीचा ताप आहे त्यांच्यासाठी लिहितोय. दोन्ही प्रकार मी वापरलेत, त्यातला एक अजून चालू आहे, कुठला ते पुढे कळेलच. रिमोटचं सॉफ्टवेअर कुठलं, मॅक अ‍ॅड्रेस (म्हणजे नेटवर्क कार्डाचा नंबर) कुठे सापडतो वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. आणि मशीन चोवीस तास चालूच ठेवा की, असं म्हणणारे भेटतातच, तर रिकामा पीसी ५० वॅट जरी खात असला तरी महिन्याला ३६ युनिट होतात आणि ऑफिसचं मीटर कमर्शियल, त्यामुळे तो पर्याय मी धरलेलाच नाही.

आधी वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून एक ठरावीक पॅकेट सोडून झोपलेलं मशीन उठवायचं. चाललं की फार भारी वाटतं हे कबूल. मोबाईलवर बटण दाबलं, चार-पाच सेकंदात तिकडे मशीन जागं, उघडी एक्सेल शीट तशीच्या तशी. शिवाय फुकट. हे पॅकेट, ज्याला मॅजिक पॅकेट म्हणतात, तर इतकं साधं आहे की त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच, सहा वेळा एफएफ आणि मग मॅक अ‍ॅड्रेस सोळा वेळा, एकूण १०२ बाइट, १९९५ पासून तेच चालत आलंय. पोर्ट ७ की ९ यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण नेटवर्क कार्ड पोर्ट बघतच नाही, आलेल्या फ्रेममध्ये तो नमुना आहे का एवढंच बघतं. बिघडतं ते सगळं आजूबाजूचं.

आणि आजूबाजूचं म्हणजे बरंच आहे. उठत नसेल तर सगळ्यात आधी मशीन झोपवून सीपीयूच्या मागे जाऊन लॅनच्या पोर्टचा दिवा बघा. दिवाच बंद असेल तर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही, कार्डाला करंटच मिळत नाहीये, बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) ईआरपी नावाची वीज वाचवायची सेटिंग चालू असते ती बंद करायची आणि पीसीआय-ई वरून पॉवर ऑन अशा अर्थाची जी असेल ती चालू करायची, प्रत्येक बोर्डवाल्याने नाव वेगळं दिलंय. दिवा चालू असेल तर मग विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये तिन्ही टिक. तिसरी टिक, म्हणजे फक्त मॅजिक पॅकेटवर उठव ही, बरेच जण सोडतात आणि मग मशीन रात्री आपोआप उठून बसतं म्हणून हैराण होतात. कोणी उठवलं ते बघायला पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक आहेच. स्लीपमधून उठतं पण शटडाऊनमधून नाही अशी तक्रार असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करून बघा, विंडोज ८ पासून शटडाऊन हा पूर्ण शटडाऊन राहिलेला नाही, आणि त्या अर्धवट अवस्थेतून वेक ऑन लॅनला मायक्रोसॉफ्टचाच अधिकृत पाठिंबा नाही.

एक गंमत अजून. मशीन उठतं, तुम्ही चहा गाळून येईपर्यंत परत झोपतं. लोकांना वाटतं उठलंच नाही. तर नेटवर्कवरून उठवलेल्या मशीनला माऊस-कीबोर्डचा हात लागला नाही तर विंडोज डीफॉल्टला दोनच मिनिटं थांबतं, आणि ही वेळ पॉवर ऑप्शन्समध्ये लपवलेली असते, रजिस्ट्रीतून दिसती करावी लागते. तोपर्यंत उपाय एकच, उठवलं की लगेच कनेक्ट व्हायचं.

हे सगळं झालं एका लॅनवर असताना. बाहेरून उठवायचं म्हटलं की खरा तमाशा. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून पीसीच्या आयपीवर पॅकेट सोडायचं असं जिकडे तिकडे सांगतात, ते करून बघितलं की पाच मिनिटांनी चालतं, रात्री चालत नाही. कारण झोपलेलं मशीन एआरपीला, म्हणजे हा आयपी कुठल्या मॅकचा या राउटरच्या प्रश्नाला, उत्तर देत नाही, राउटरच्या टेबलातली त्याची नोंद थोड्या वेळाने उडते, मग राउटरला आयपी कळतो पण मॅक कळत नाही, आणि पॅकेट तिथेच मरतं. म्हणजे टेस्टिंगला पास आणि कामाच्या वेळी नापास. राउटरमध्ये स्टॅटिक एआरपी लावता येत असेल तर सुटतं, पण फायबरवाले जी पेटी देतात तिच्यात ती सोय क्वचितच असते. त्यातून राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा आयपी कंपनीने बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय, मग पोर्ट फॉरवर्डिंग विसराच. (आणि पोर्ट उघडायचंच असेल तर हौसेने ३३८९ उघडून ठेवू नका, ९ नंबरचं ठीक आहे, ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप सगळ्या जगाला खुलं.)

यावर बरा उपाय म्हणजे ऑफिसात कायम चालू असणारं एखादं छोटं काहीतरी, रास्पबेरी पाय म्हणा किंवा जुना अँड्रॉइड फोन चार्जरला लावून, त्यावर टेलस्केल (घरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडून देणारं व्हीपीएन) टाकायचं आणि तिथून लॅनमध्ये पॅकेट सोडायचं. टेलस्केल पीसीवरच टाकून काम होत नाही, कारण झोपलेल्या पीसीवरचं टेलस्केलही झोपलेलंच असतं. मी पाय वापरला. आणि खरं सांगतो, मस्त चाललं. गुरुवार येईपर्यंत.

पिंपरी-चिंचवडकडच्यांना गुरुवार सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी, आमच्या पट्ट्यात मेंटेनन्ससाठी लाईट जायचा तो वार. सकाळी जाते, दुपारनंतर येते. ऑफिसलाही त्या दिवशी सुट्टी. संध्याकाळी घरून पॅकेट सोडलं, काही नाही. परत सोडलं, काही नाही. पाय ऑनलाइन, राउटर ऑनलाइन, टीसीपीडंपला (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टूल) पॅकेट बाहेर पडताना दिसतंय आणि मशीन ढिम्म. शुक्रवारी जाऊन बघितलं तर सगळ्या सेटिंग जागच्या जागी, बटण दाबून चालू केलं, झोपवलं, पॅकेट सोडलं, लगेच उठलं. पुढच्या गुरुवारी परत तेच.

भानगड अशी आहे की मॅजिक पॅकेटची वाट बघ हे कार्डाला सांगतं कोण, तर झोपायला जाताना विंडोजचा ड्रायव्हर. लाईट गेली की कार्डाचा स्टँडबाय करंट जातो आणि तो निरोपही जातो. लाईट परत आली तरी मशीन बंदच, म्हणजे ड्रायव्हर नाही, म्हणजे कार्डाला सांगणारं कोणी नाही. एकदा हाताने चालू करून परत झोपवेपर्यंत कार्ड बहिरं. काही बोर्डांवर बायॉस स्वतःच हे काम करतं, तिथे हा त्रास नाही. तुमचं कसलं आहे ते बघायला मशीन शटडाऊन करा, मागची केबल काढून मिनिटभर थांबा, परत लावा, बटणाला हात न लावता पॅकेट सोडा. उठलं तर पुढचं वाचायची तशी गरज नाही, खुशाल वेक ऑन लॅन वापरा. माझं नाही उठत. आणि मला मशीन लांबून उठवायची गरज सगळ्यात जास्त कधी असते, तर ऑफिस बंद असतं तेव्हाच ना.

आता स्मार्ट प्लग, म्हणजे मोबाईलवरून चालू-बंद करता येणारा वायफायचा प्लग. मी याला आधी नाक मुरडायचो, कारण करंट तोडून जोडायचा आणि याला रिमोट वेक म्हणायचं हे काही पटत नव्हतं. पण बायॉसमध्ये लाईट आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, कुठे एसी बॅक म्हणतात, कुठे रिस्टोअर एसी पॉवर लॉस, ती ऑलवेज ऑन किंवा पॉवर ऑन करायची, झालं. प्लग ऑन केला की मशीन चालू. ना मॅक, ना ब्रॉडकास्ट, ना एआरपी, आणि प्लग स्वतःच बाहेर कनेक्ट होतो म्हणून सीजीनॅटही आड येत नाही.

मोठी शंका म्हणजे झोपलेल्या मशीनचं काय. स्लीपमध्ये सगळं रॅममध्ये असतं, करंट तोडला की उघडं काम गेलं. तर स्लीप वापरायचंच नाही, हायबरनेट वापरायचं. त्यात रॅममधलं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, मग प्लग बंद केला तरी काही बिघडत नाही, आणि प्लग ऑन केला की विंडोज जिथे सोडलं होतं तिथून उठतं, त्याच शीटवर, त्याच व्हाउचरवर. मेनूत हायबरनेट दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर बटणांच्या पानावर टिक करायची. एसएसडी असेल तर उठायला अर्धा मिनिट, कधी थोडं जास्त. स्लीपच्या चार-पाच सेकंदांपुढे हे हळू आहे, नाही म्हणत नाही, पण घरून बसून उठवताना कोण स्टॉपवॉच लावून बसलंय.

गुरुवारचा प्रश्न इथे उद्भवतच नाही. प्लगला लाईट आल्यावर आधीची स्थिती लक्षात ठेव अशी सेटिंग असते, ती लावली की बंद असलेला प्लग बंदच राहतो, पावसाळ्यात लाईट दहा वेळा ये-जा करू दे, मशीन आपलं गप्प. आणि मी ऑन केला की चालू.

कोणी म्हणेल, मग एसी बॅक लावून वेक ऑन लॅनच ठेवायचं, लाईट आली की मशीन आपोआप चालू होईल, थोड्या वेळाने झोपेल, कार्डाला निरोप मिळेल. बरोबर आहे, चालतं ते. फक्त लाईट फडफडली की प्रत्येक वेळी मशीन उठणार, बूट होता होता परत बसणार, हे डिस्कला बरं नाही. आणि मला विचाराल तर, शेवटी एसी बॅकच्याच जिवावर चालायचं असेल तर मधे पाय, टेलस्केल, ड्रायव्हरच्या टिका, आणि विंडोज अपडेटनंतर त्या टिका जागेवर आहेत का हे बघणं, एवढा खटाटोप कशाला? माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

प्लगमध्ये खोट नाही असं नाही. रोज रात्री करंट तोडला की बोर्डावरचा सीआर २०३२ सेल खर्च होत राहतो, एरवी स्टँडबाय करंटवर भागतं. सेल बसला की बायॉस सगळं विसरतं, एसी बॅकसकट, आणि मग प्लग ऑन करून काही उपयोग नाही. जुनं मशीन असेल तर आधीच नवा सेल टाकून घ्या, किरकोळ किंमत आहे. दुसरं, प्लग बंद करून लगेच ऑन करू नका, एसएमपीएसच्या (पीसीचा पॉवर सप्लाय) कपॅसिटरमध्ये जीव असतो, दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या, नाहीतर बोर्डाला लाईट गेल्याचं कळतच नाही. यूपीएस असेल तर प्लग यूपीएस आणि सीपीयूच्या मधे हवा, भिंतीच्या सॉकेटला लावला तर करंट तोडल्यावर यूपीएस बॅटरीवर जाऊन कोकलत बसेल आणि पीसीला काही कळणारच नाही. आणि १६ अँपचा घेऊ नका, त्याच्या जाड पिना साध्या सॉकेटमध्ये जात नाहीत, सीपीयूला ६ किंवा १० अँपचा भरपूर झाला. हो, बिटलॉकरचा (विंडोजचं डिस्क लॉक) पिन किंवा बायॉसचा पासवर्ड लावलेला असेल तर मशीन तिथेच अडून बसेल, घरून काही करता येणार नाही. शटडाऊनमधून उठवताना हा अडथळा वेक ऑन लॅनलाही आहेच.

लॅपटॉप असेल तर प्लगचा प्रश्नच नाही, बॅटरी आहे. एकाच जागी पाच-सहा मशीन असतील, किंवा नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेजचा डबा) असेल, किंवा तिथे लिनक्सचा डबा आधीच चोवीस तास चालू असेल, तर वेक ऑन लॅनच सोयीचं पडेल, पाच प्लग सांभाळणं काही शहाणपणाचं नाही. लिनक्सवर ईथटूलने वेक-ऑनला जी लावायचं आणि ते रीबूटनंतर टिकतंय का तेवढं बघायचं, बऱ्याचदा टिकत नाही. लाईट जातच नाही अशा नशीबवान बिल्डिंगीत बसत असाल तरी तेच म्हणेन. पण एक डेस्कटॉप, साधं फायबर आणि लाईटचा भरवसा नाही, असं असेल तर मी तरी प्लगचं सांगेन.

घेताना वॅट दाखवणाराच घ्या, थोडा महाग पडतो पण तोच घ्या. कारण लांबून बसून सगळ्यात मोठा धोका चालू मशीनचा करंट तोडायचा, आणि अकाउंटचा डेटा उघडा असताना ते झालं तर पुढचा दिवस रिपेअर करण्यात जातो. हायबरनेट दिल्यावर अ‍ॅपमध्ये आकडा बघायचा. आमच्याकडे तो दोन-तीन वॅटवर येऊन स्थिरावला की मी प्लग बंद करतो. साठ-सत्तर दाखवत असेल तर कोणीतरी अजून बसलंय, आधी फोन करून विचारतो.