कड घासलेलं ‘वॉशिंग्टन बिफोर बॉस्टन’: ४,६६५ डॉलरला गंडा

‘वॉशिंग्टन बिफोर बॉस्टन’ हे जॉर्ज वॉशिंग्टनच्या गौरवाचं जुनं पदक. लिलावात त्यावर माझी ३,८५० डॉलरची बोली, त्यावर लिलाववाल्यांचं २० टक्के कमिशन ७७०, टपालखर्च ४५. एकूण ४,६६५. वर्णनात लिहिलं होतं: द्युव्हिव्हिये या फ्रेंच कोरक्याचं तांब्याचं पदक, १७८९च्या सुमारास पाडलेलं, कड कोरी. हातात पडलं ते पॅरिस टांकसाळीचं कितीतरी नंतरचं रीस्ट्राइक, म्हणजे मागाहून पुन्हा पाडलेलं पदक, कडेवरची खूण कानशीने घासून काढलेलं.

या खुणा संग्राहकांना पाठ असतात: १८३२पासून दिवा, १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८७९ मधमाशी, १८८०पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग, आणि बहुधा शेजारी धातूचं नाव. मूळ पदकाची कड कोरीच असते, म्हणून तर कोरी कड बघून विश्वास बसला. त्यात गैर काय होतं? पण १८३२आधीची रीस्ट्राइकंही कोरीच असतात. नुसत्या कडेवर कधीही पैसे देऊ नका, अक्षरांची ठेवण संग्रहालयातल्या खात्रीच्या नगाशी ताडून बघा.

चीड येते ती कडेच्या फोटोंची. फोटो तीन, आणि त्यांत मिळून जेमतेम पाऊण वर्तुळ दिसत होतं. उरलेल्या पाव भागातच सगळी लबाडी! तिसऱ्या फोटोच्या टोकाला आडव्या बारीक रेघा दिसतात, पण तो फोटो मुद्दाम इतका लहान ठेवलेला की त्या सावलीसारख्या वाटाव्यात. पूर्ण कडेचा व्हिडिओ मागा. देत नसेल तर सोडून द्या.

कॅलिपरने फिरवून मापलं तर सगळीकडे ६८.४ मिमी, त्या एकाच जागी ६८.१. ॲसिटोनचा बोळा फिरवला की तपकिरी रंग निघतो आणि खाली गुलाबी तांबं.

लिलाववाले म्हणतात, परत करायची मुदत १४ दिवसांची, ती संपली. पैसे पोचवणारी कंपनी म्हणते, फोटोतलीच वस्तू मिळाली ना? पोलिसांच्या मते हा दिवाणी मामला. ऑनलाइन तक्रारीची पोचपावती आली, पुढे शब्द नाही. अमेरिकेतल्या १९७३च्या कायद्याने नकली नाण्या-पदकांवर ‘कॉपी’ छापणं बंधनकारक आहे, पण सरकारी टांकसाळीचं रीस्ट्राइक त्यातून वगळलंय. म्हणजे खूण खरवडून खोटं वय सांगणाऱ्याला या कायद्याचा धाकच नाही! मग दाद मागायची कुणाकडे?

पार्सल उघडतानाच वजन, व्यास आणि कडेचे फोटो तारखेसह काढून ठेवा. मुदत पार्सल मिळाल्यापासून की लिलावाच्या दिवसापासून, हे बोलीआधी लेखी विचारा. इथे ती लिलावापासून मोजली, आणि पदक पोचलं नवव्या दिवशी.