खिडकीची सिल खराब झालीय: रिपेअर की नवीन?

सिल म्हणजे खिडकीच्या तळाची आडवी पट्टी. ती लाकडी असेल तर आधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि लाकडात दाबून बघा, टोक वरच्यावर अडलं तर रिपेअर नक्की परवडतं, म्हणजे सडलेलं खरवडायचं, पूर्ण सुकू द्यायचं, इपॉक्सी फिलर (खड्डे भरायची, नंतर कडक होणारी पेस्ट) भरून घासायचं आणि वरून प्राइमर-पेंट. खर्च मटेरियलचा, मजुरी स्वतः केलीत तर शून्यच. पण लाकूड ओलं असताना फिलर भरू नका प्लीज, ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी आतून खातच राहते आणि सगळा पैसा वाया.

टोक सहज आत घुसलं तर मात्र बदलाच. इथे नुसत्या सिलची किंमत धरून चालत नाही, जुनी तोडणं, फ्रेमला धक्का न लावता काढणं, कडेचं प्लास्टर, पुन्हा रंग, हे सगळं मिळून बरेचदा सिलपेक्षा महाग पडतं, त्यामुळे कोटेशन घेताना हे वेगवेगळं लिहून घ्या. दगडी सिलला बारीक चीर असेल तर भरून भागतं, हलायला लागली असेल तर नाही.

आणि काहीही करा, बाहेरच्या बाजूला उतार आणि खालून पाणी तोडणारी खाच (म्हणजे पाणी भिंतीकडे न जाता तिथेच टपकतं) हवीच, नाहीतर नवीन सिलपण तशीच सडेल.