लॅमिंग्टन रोडचा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर: पैसे वसूल, पण सोबत मल्टीमीटर हवाच

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला वळलात की निम्म्या दुकानांत तो काडेपेटीएवढा निळा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) टांगलेला दिसतो. घ्यावा का? माझ्या मते घ्यावा. फक्त तो लावला म्हणजे मेकॅनिकची सुट्टी असं कोणी समजू नये.

माझी गाडी पेट्रोल हॅचबॅक, व्हीव्हीटी (वॉल्व उघडायची वेळ गरजेनुसार बदलणाऱ्या) इंजिनवाली. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, सिग्नलला उभी असताना थरथर, आणि जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) फर्स्ट-सेकंडमध्ये रांगताना पिकअप एकदम मेल्यासारखा. एका सर्व्हिस सेंटरवाल्याने बॉनेट नीट उघडायच्या आधीच व्हीव्हीटी सोलेनॉइड (ऑइल सोडणारा विजेवरचा छोटा वॉल्व) बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं, वर "टायमिंग चेनपण बघावी लागेल सर" हे आहेच. म्हटलं थांबा जरा, आधी कोड तर बघू.

लावायला काही अक्कल लागत नाही. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यात खोचा, चावी ऑन करा, मोबाईलवर फुकटचं अ‍ॅप टाका, झालं. आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं त्यामुळे त्यानंतरच्या गाडीला प्रॉब्लेम यायला नको. आयफोनवाल्यांनी मात्र विचारून घ्या, ही साधी ब्लूटूथवाली आयफोनला कनेक्ट होत नाहीत, वायफाय किंवा ब्लूटूथ एलई वाला पीस मागा. पाकिटावर ईएलएम३२७ व्हर्जन १.५ असं छापलेलं असतं, ती गंमतच आहे कारण ज्या कॅनडाच्या कंपनीची ही मूळ चिप त्यांनी १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. म्हणजे सगळा क्लोनचा, नकली कॉपीचा कारभार. पण कोड वाचायचं काम क्लोनपण व्यवस्थित करतो.

माझ्या गाडीत निघाला पी००१०. म्हणजे इनटेक कॅमशाफ्ट (हवा आत घेणारे वॉल्व उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) अ‍ॅक्च्युएटरच्या सर्किटचा कोड, आणि इथेच लोक फसतात, कारण नेटवर शोधलं की पहिलं उत्तर "सोलेनॉइड बदला". अहो पण सर्किटमध्ये कॉइल आली, कनेक्टर आला, दोन वायरी आल्या आणि ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरपण आला. पी००११ असता तर वेगळी गोष्ट, त्यात वायरिंग बहुतेक ठीक असतं पण कॅम सांगितल्यापेक्षा पुढे गेलेला असतो, तेव्हा आधी ऑइलची लेव्हल बघायची, ग्रेड बरोबर आहे का बघायचं, ऑइल काळंकुट्ट घट्ट झालंय का बघायचं, आणि सोलेनॉइड काढून त्याच्या बारीक जाळीत गाळ अडकलाय का ते बघायचं. हा वॉल्व शेवटी ऑइलच्या प्रेशरवरच कॅम फिरवतो. मुंबईत किलोमीटर कमी दिसतात पण ट्रॅफिकमध्ये इंजिन तासन् तास चालूच असतं, त्यामुळे ऑइल नुसत्या किलोमीटरवर मोजू नका.

असो. स्कॅनरची खरी कामाची गोष्ट फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला तेव्हाची नोंद. कोड पडला त्या क्षणाला स्पीड शून्य, इंजिन गरम, आरपीएम आयडलिंगचे (गाडी उभी, इंजिन चालू). पण एक लक्षात ठेवा, कोड क्लिअर केला की हीपण माहिती उडते, म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग क्लिअर.

इथून पुढे स्कॅनरचे हात टेकले आणि मल्टीमीटर (व्होल्ट, रेझिस्टन्स मोजायचा मीटर) बाहेर आला. भांडुपला आमच्या ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, त्याने थंड इंजिनला कनेक्टर काढून सोलेनॉइडच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला, ७.४ ओहम. बऱ्याच गाड्यांत सात-आठच्या आसपासच असतो, तरी नक्की आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलचाच धरा. मग बॅटरीचे १२ व्होल्ट एक क्षणभरच टेकवले, टक् असा स्वच्छ आवाज. "साहेब, वॉल्व चांगलाय, कशाला पैसे घालवता." मग मीटर बीपवर ठेवून (वायर सलग असेल तरच वाजतो) तो कनेक्टरपासून ईसीयूकडे वायर हलवत हलवत गेला. बीप चालू, बीप बंद, परत चालू. स्लीव्ह कापली तर आत उंदराने कुरतडलेली वायर, तांब्याच्या दोन-तीन तारांवर कशीबशी तग धरून. आयडलिंगची थरथर आली की कॉन्टॅक्ट सुटायचा. सोल्डर मारला, हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली, कोड क्लिअर, दिवा गेला तो गेलाच. जेवढ्यात एस्टिमेटवाल्याने नुसती तपासणी केली असती त्यापेक्षा कमीत काम झालं. सोसायटीतल्या काकांच्या सांगण्यावरून आता बॉनेटमध्ये तंबाखूची पानं खोचलीत, उंदरांनी अजून मत दिलेलं नाही.

तर स्कॅनरला पाचपैकी साडेतीन. दीड कापला कारण कॅमने किती अ‍ॅडव्हान्स घ्यायला सांगितलं आणि प्रत्यक्षात किती घेतला हे माझ्या गाडीत ह्याने दाखवलंच नाही, शिवाय सोलेनॉइडला कमांड देऊन चालवून बघायची सोय नाही, त्यासाठी गॅरेजवाल्यांचे महागडे स्कॅनर लागतात. कनेक्शनपण अधूनमधून तुटतं. दुकानदाराला गॅरंटी विचारली तर "चालू आहे ना, बघून घ्या" एवढंच, आणि तिथे गाडी उभी करून लावून बघायला जागा कुठाय!

काम झालं की सॉकेटमधून काढून ठेवा. १६ नंबरच्या पिनला चावी काढली तरी बॅटरीचा सप्लाय असतो, त्यामुळे फक्त वीकेंडला निघणाऱ्या गाडीत हा तसाच राहिला तर बॅटरी खात बसतो.